कुठवर आलात?

गुरुवारच्या विदर्भ एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट मामांच्या खिशात होतं आणि शुक्रवार सकाळचं विमानाचं तिकीट ताईच्या फोनमध्ये. दोन्ही तिकिटं मामांचीच आणि दोन्ही नागपूरची. मामांचे गुडघे हल्ली कुरकुरतात, रात्रभर गाडीत कशाला हाल काढायचे, म्हणून ताईने परस्पर तिकीट काढून टाकलं होतं. तिला वाटलं, मामा खूश होतील. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातभर लांब धरला आणि विचारलं, "हे दीड तास म्हणजे कुठून कुठवर?"

आमच्या डोंबिवलीच्या घरात या प्रश्नावर त्या संध्याकाळी तीन तास गेले. तेवढ्यात नागपूरला जाऊन परत येणं झालं असतं, निदान ताईच्या फोनच्या हिशेबाने.

मामा मध्य रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. हे बारसं आपण निवृत्त झाल्यावर झालं याचं मामांना फार समाधान आहे. नोकरीची बहुतेक वर्षं भुसावळला गेली. ताई एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाईल याचा आराखडा जमिनीवर बसून करणारी माणसं असतात, त्यांतली ती. मामांनी जन्मभर गाडी किती वाजता पोचली ते लिहून ठेवलं. ताई विमान निघायच्या आधीच ते किती वाजता पोचेल ते सांगते. मी दोघांच्या मध्ये बसून चहा पुरवत होतो.

"कुठून कुठवर म्हणजे? मुंबई ते नागपूर," ताई म्हणाली.

"मुंबई म्हणजे कोणती? बोरीबंदर, का सांताक्रूझ?"

"विमानतळ ते विमानतळ. सरळ अंतर ६८३ किलोमीटर."

"बाप्पा! आमच्या रेल्वेचे ८३७ होतात. मधले एकशे चोपन्न किलोमीटर काय तू खिशात घालून राहिली?"

ताईने उठून शाळेच्या दप्तरातून भाचीचा नकाशा आणि शिवणाच्या डब्यातून दोरा आणला. मुंबईवर एक बोट, नागपूरवर दुसरं, मध्ये दोरा ताणलेला. "पृथ्वीच्या गोळ्यावर असा दोरा ताणला की येतं ते ६८३. तुमची गाडी कल्याणहून कसाऱ्याला जाते, घाट चढते, मग नाशिक, मनमाड, जळगाव असं वर वर जाऊन भुसावळला वळते आणि मग अकोल्याकडे उतरते. दोरा बघा कसा जातो. संगमनेर, छत्रपती संभाजीनगर, मग लोणारच्या जरा वरून, आणि इथे धामणगाव."

"कोणतं धामणगाव? आपलं धामणगाव रेल्वे?" मामा नकाशावर वाकले. "म्हणजे तुझं विमान माझ्या स्टेशनाच्या डोक्यावरून जाते?"

"दोऱ्यावरून गेलं तर. पण ते दोऱ्यावरून जात नाही." ताईने दोरा सोडला. "मुंबईत वर्षातला बराच काळ उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून होतं, वारा तिकडून येतो म्हणून. म्हणजे नागपूरला जाणारं विमान आधी अरबी समुद्रावर जातं, तिथे वळतं आणि मग परत मुंबई ओलांडून पूर्वेला लागतं."

मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "नागपूरले जायचं तर आधी समुद्रात! आणि वरून मला सांगते, गाडी भुसावळला कशाला वळते म्हणून."

इथे मामांची बाजू घ्यायला हवी असं मला वाटतं. रेल्वेचं वळण उगाच नाही. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे भुसावळमार्गे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये. आखणारांना थळ घाट चढायचा होता, खानदेशचा आणि वऱ्हाडचा कापूस उचलायचा होता. त्या रुळांना नागपूर जितकं हवं होतं तितकंच वाटेवरचं गावही हवं होतं. कसारा ते इगतपुरी चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. अजूनही तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. विमानाला मधल्या गावाचं काही घेणंदेणं नाही, म्हणून त्याला दोरा परवडतो.

"बरं, अंतर राहू दे. दीड तास तरी खरा आहे का?" मामांनी पुढचा सिग्नल ओढला.

"खरा आहे, पण तो हवेतला नाही," ताई म्हणाली. "चाकांखालची अडण काढल्यापासून नागपूरला पुन्हा अडण लावेपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेत विमान असतं जेमतेम एक तास पाच-दहा मिनिटं."

"मग वीस मिनिटं कोठी गेली?"

"मुंबईत रांगेत. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्या एकीवर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर विमानं चढली-उतरली. दीड मिनिटाला एक! मग रांग नाही लागणार तर काय?"

"आणि रांग नसली त्या दिवशी?"

ताई थोडी अडखळली. मामांनी जन्मभर ड्रायव्हरांच्या सबबी ऐकल्या आहेत, त्यांना अडखळणं बरोबर कळतं.

"त्या दिवशी विमान लवकर पोचतं," ती म्हणाली. "आणि कंपनी घोषणा करते की आम्ही वेळेआधी आलो."

"म्हणजे उशीर तुम्ही आधीच तिकिटात छापून टाकता!"

"पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवरच मोजतात, मामा. त्यात वेळापत्रक थोडं सैल ठेवलं की आकडे चांगले दिसतात. मी नाकारत नाही. पण तुम्ही हसू नका. वर्धा ते नागपूर ऐंशीएक किलोमीटर. दिवसभर धावणारी गाडी त्या शेवटच्या टप्प्याला टाइमटेबलात इतका वेळ का घेते, सांगा बरं?"

मामा गप्प झाले, मग मिशीत हसले. "रिकव्हरी टाइम. बडनेऱ्याला पाऊण तास लेट असलेली गाडी नागपूरला राइट टाइम लागते, आणि पब्लिक म्हणते, ड्रायव्हरने हाणली गाडी! मी मागच्या डब्यात बसून जर्नलमध्ये लिहायचो, मेकअप इतकी मिनिटं. मेकअपच होता तो, तोंडाला लावतात तसा."

या एका मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत झालं आणि मी दुसरा चहा टाकला.

चहा होईस्तोवर ताई वाऱ्यावर पोचली होती. मुंबई-नागपूर जातानाची आणि येतानाची वेळ सारखी नसते, हे मामांना पटत नव्हतं. रूळ तेच, इंजिन तेच, मग अप आणि डाउनमध्ये फरक का पडावा? ताईने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. जेट विमान हवेत ताशी ८३० किलोमीटरने जातं असं धरा. हिवाळ्यात वरच्या थरात वारा पश्चिमेकडून असतो. तो ताशी १०० असला तर जाताना जमिनीवरचा वेग ९३० आणि येताना ७३०. ६८३ ला भागलं तर जाताना ४४ मिनिटं, येताना ५६. चढण्या-उतरण्याचा वेळ यात नाही. पावसाळ्यात वरचा वारा उलटा होतो आणि नागपूरहून येणाराला धक्का देतो, जोर मात्र हिवाळ्याएवढा नसतो.

"म्हणजे अंतर तेच, पण वाट वाहती," मामा म्हणाले. "गोदावरीत नाव घातल्यासारखं."

ताईला ही उपमा आवडली असावी, कारण तिने मग स्वतःहून एक गुपित सांगितलं. तिच्या खोलीत मुंबई-नागपूर अंतर किलोमीटरमध्ये कोणी विचारतच नाही. तासातही क्वचित. तिथे अंतर किलोत मोजतात. नागपूर म्हणजे अडीच-तीन टन इंधन. त्यावर वाटेतल्या अडचणींसाठी थोडं. नागपूरला धुकं असलं आणि उतरता आलं नाही तर हैदराबादला किंवा रायपूरला जाण्यापुरतं आणखी. आणि तिथे पोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं हात न लावण्याचं. "प्रवासी बघतो दीड तास. मी बघते, हे विमान नागपूरला पोचलंच नाही तर कुठे पोचेल."

मामा पहिल्यांदाच तिच्याकडे नोकरदार माणसाने नोकरदार माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. "हे बाकी आमच्यात नाही," ते म्हणाले. "गाडी पोचली नाही तर जिथं आहे तिथं उभी राहते. विमानाला उभं राहता येत नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तर हे भांडण म्हणावं असं झालंच नसतं. पण मामांनी वही मागितली आणि दोन रकाने आखले. जुन्या गार्डाच्या हातची ती अक्षरं, एकेक आकडा कोरलेला.

डाव्या रकान्यात गाडी. संध्याकाळी सातला घर सोडायचं. लोकलने कल्याण दहा मिनिटं. आठच्या आसपास विदर्भ एक्सप्रेस. डबा खायचा, दहाला आडवं व्हायचं. नाशिक झोपेत, मनमाड झोपेत, भुसावळला सवयीने एकदा जाग येते तेवढीच. पहाटे बडनेरा. नऊच्या सुमाराला नागपूर, साडेनऊला घर. साडेचौदा तास.

उजव्या रकान्यात विमान. दहाचं उड्डाण. काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणून आठला तिथे असायला हवं. म्हणून डोंबिवलीहून सव्वासहाला निघायला हवं, कारण ठाण्याच्या पुढे टॅक्सी कुठे अडकेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. म्हणून पाचला उठायला हवं. साडेअकराला नागपूर, बॅग येईस्तोवर बारा, घरी साडेबारा. सव्वासहा तास.

"बघा!" ताई म्हणाली. "तुमच्याच हाताने लिहिलंत. आठ तास वाचले."

"थांब, जमाखर्च पुरा होऊ दे. गाडीत मी जागा किती? पाच-साडेपाच तास. तेही बसून, गप्पा मारत, डबा खात. झोपलेले तास मी घरीही झोपलोच असतो, ते मोजायचे नाहीत. विमानात सव्वासहाच्या सव्वासहा तास जागा. आणि कसा? टॅक्सीत पावणेदोन तास घड्याळ पाहत, रांगेत पट्टा काढून उभा, मग खुर्चीत, मग बसमध्ये, मग पुन्हा खुर्चीत. तुझं दीड तासाचं विमान माझी सकाळ खाते. माझी गाडी माझी रात्र घेते, आणि रात्र तर मी फुकटच घालवणार होतो."

"पण हे डोंबिवलीवाल्याचं गणित आहे, मामा. विलेपार्ल्यात राहणारा माणूस आठच्या ठोक्याला घरून निघतो. आणि कल्याणला राहणाऱ्याला जी गाडी दारात, ती बोरिवलीवाल्याला दीड तास लांब. आता उलव्याचं नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं, पनवेलवाल्याचं सगळं गणितच बदललं. नागपूर कुणाहीपासून हललेलं नाही."

"हेच मी म्हणून राहिलो! अंतर घरापासून मोजतात, विमानतळापासून नाही."

"मग ते फोनवर छापायचं कसं? प्रत्येकाच्या घराचा आकडा वेगळा. म्हणून विमानतळ ते विमानतळ सांगतात. तो कुणाचाच प्रवास नाही, पण सगळ्यांना तुलनेला चालतो."

मी मध्येच समृद्धी महामार्गाचं नाव काढलं. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रेल्वेपेक्षा कितीतरी सरळ. ताईच्या दोऱ्याला सगळ्यांत जवळ तोच. गाडीला ताशी १२० ची मुभा, आठ तासांत नागपूर असं सांगतात. दोघांनी माझ्याकडे एकाच वेळी बघितलं. "आठ तास गाडी कोण चालवणार? तू?" ताई म्हणाली. मामा म्हणाले, "सरळ रस्त्यावर माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो." विषय संपला.

त्यानंतर ताई जे बोलली ते तिने बोलायला नको होतं, किंवा कदाचित त्यासाठीच तिने ते तिकीट काढलं असावं.

"आजी गेली तेव्हा आई कुठे होती, मामा?"

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. आजी नागपूरला मेडिकलमध्ये होती. दुपारी फोन आला, आई रात्रीच्या गाडीत बसली. तेव्हा मोबाइल घरोघरी नव्हते. मामा भुसावळला प्लॅटफॉर्मवर उभे होते, गाडी लागली तेव्हा डबा शोधत आले आणि खिडकीतून आईला सांगितलं. भुसावळहून नागपूरपर्यंतचा उरलेला प्रवास आईने ते माहीत असताना केला. ती त्या प्रवासाबद्दल कधी बोलली नाही, फक्त नंतर बराच काळ भुसावळची केळी घरात आणू देत नसे.

"विमानाने ती संध्याकाळी पोचली असती," ताई म्हणाली. "तुमच्या वहीत झोपेचे तास मोजायचे नाहीत असं लिहिलंत. त्या रात्री ती झोपली होती का?"

मामांनी वही मिटली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "विमान तेव्हाही होतं, बाई. रोज होतं. सोनेगावच्या विमानतळावर मी लहानपणी सायकलवर जाऊन पाहत असे. विमान नव्हतं म्हणून तुझी आई गाडीत नव्हती बसली. पैसे नव्हते म्हणून बसली. तुझ्या फोनमध्ये अंतर आहे, वेळ आहे. त्या दिवशी मुंबई-नागपूर अंतर तुझ्या बापाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं होतं."

ताईने काही उत्तर दिलं नाही. माझ्या मते या दोघांपैकी कुणीच चुकत नव्हतं, आणि मी हे म्हणतोय ते कुणाला राग येऊ नये म्हणून नाही. ज्याला उद्या पोचलं तरी चालतं त्याला गाडी जवळची. ज्याला आजच पोचायचं आहे त्याला विमानाशिवाय गती नाही, मग खिशाला परवडो न परवडो.

विषय बदलावा म्हणून मी नागपूरचं काढलं, आणि मामा खुलले. नागपूरकराला मुंबई किती लांब हा प्रश्न विचारला की उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, इतिहासात येतं. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती, मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची. झिरो माइलच्या दगडी खांबावर अंतरं कोरली आहेत, त्यांत हैदराबाद आहे, जबलपूर आहे, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा आहे. "मुंबई नाही त्यात," मामा म्हणाले. "त्या खांबासाठी मुंबई नावाचं गावच नाही." मग २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, ज्यात ठरलं की सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला यायचं. त्याप्रमाणे डिसेंबरात अधिवेशन भरतं, पेट्यांत फायली भरून ट्रक नागपूरला जातात. "आम्हाला मुंबई लांब पडते म्हणून वर्षातून एकदा मुंबईने यायचं, असं लिहून घेतलं आमच्या माणसांनी. आता मंत्री सकाळच्या विमानाने येतात आणि शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने घरी जातात. ते आले, असं म्हणायचं का?"

"तरी मुंबईच तुम्हाला जवळ आहे," ताईने फोन काढला. आकड्यांवर आली की ती सावरते. "नागपूरहून दिल्ली साडेआठशे किलोमीटर, चेन्नई नऊशेच्या वर, कोलकाता हजाराला थोडं कमी. चौघींत मुंबईच जवळची."

"म्हणून तर रात्रीची डाक आमच्याकडे यायची!" मामांनी मांडीवर थाप मारली. ही गोष्ट त्यांची लाडकी आहे आणि खरीही आहे. १९४९ पासून अनेक वर्षं रात्रीची हवाई टपाल सेवा चाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला जमत. धावपट्टीशेजारी टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, थोडे प्रवासीही विमान बदलत, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. मामांचे वडील तो आवाज ऐकून घड्याळ लावत, असं ते सांगतात.

"डाकोटाला मुंबई-नागपूर अडीच तास लागत असतील," ताई म्हणाली. "मग १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅरव्हेल आलं, ताशी आठशेवालं. खरं सांगू का मामा, त्यानंतर आम्ही वेगात जवळजवळ काहीच मिळवलं नाही. साठ वर्षं आकाशातला वेग तोच आहे. जे वाढलं ते सगळं जमिनीवर. रांगा, तपासणी, टॅक्सी."

हे तिने मान्य केलं तेव्हा मला वाटलं की मामा आता जिंकले म्हणतील. ते म्हणाले, "आमचंही तेच. विदर्भ एक्सप्रेसपेक्षा दुरांतो तीन तास लवकर पोचते, कारण ती मधल्या गावांना थांबत नाही. इंजिन काही वेगळं नाही."

मी माझ्याकडची एक गंमत घातली. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंश रेखांशाचं अंतर आहे, म्हणून नागपूरला सूर्य मुंबईच्या जवळपास पंचवीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. आज सगळ्या देशाचं घड्याळ एक आहे, पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला तो १९५५ मध्ये. तोवर मुंबईचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असे. प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चाललं असतं तर आज घड्याळाप्रमाणे विमानाने नागपूरला जायला सुमारे दोन तास लागले असते आणि परत यायला एक तास पाच मिनिटं.

"म्हणजे नागपूरहून निघणाऱ्याला फायदा," मामा म्हणाले. "पहिल्यांदाच काही आमच्या बाजूने झालं असतं, तेही बंद केलं."

तिकिटाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ताईने विमानाचं रद्द केलं. परत आलेली रक्कम पाहून ती स्वतःच्याच धंद्याला दोन शब्द बोलली, ते इथे देत नाही. बदल्यात मामांनी एक कबूल केलं: पुढच्या वेळी, पाऊस संपल्यावर, ते दिवसाच्या विमानाने उजवीकडच्या खिडकीत बसतील, कारण दोऱ्याच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर लोणार आहे आणि हवा स्वच्छ असली तर ते गोल तळं वरून दिसू शकतं. जन्मभर त्या बाजूने गाड्या नेल्या, पण लोणार रुळांपासून फार आत. त्यांनी ते कधीच पाहिलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना कल्याणला बसवून दिलं. लोअर बर्थ, पाण्याची बाटली, दशम्या. ताई तेव्हा ड्युटीवर होती. पुढचं तिने मला सकाळी घरी आल्यावर सांगितलं.

रात्री दहाला तिने पहिला फोन केला होता. आमच्या घरात गाडीतल्या माणसाला फोन केला की एकच प्रश्न विचारतात, "कुठवर आलात?" आणि त्याला उत्तर म्हणून गावाचं नाव येतं. नाशिक रोड गेलं. ताईच्या लक्षात आलं की विमानातल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. फोन बंद असतो हे एक, आणि सुरू असता तरी त्याला उत्तर माहीत नसतं. त्याला फक्त किती वेळ राहिला ते माहीत असतं.

सहा वाजून गेल्यावर तिने चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन पुन्हा फोन लावला.

"कुठवर आलात?"

"धामणगाव. सिग्नलला उभी आहे, खाली उतरलो पाय मोकळे करायला."

"मामा, वर बघा. पहाटेचं आमचं विमान आता तुमच्या आसपासच असायला हवं. उतरायला लागलंय, दिवे लागलेले असतील."

बराच वेळ नुसती प्लॅटफॉर्मवरची खुडबुड ऐकू आली. कुणीतरी 'चाय गरम' ओरडत गेलं.

"आहे बाप्पा," मामा म्हणाले. "लुकलुक चालली आहे. किती वेळ त्याला आता?"

"बारा-पंधरा मिनिटं."

"आम्हाला अजून अडीच तास. वर्ध्याच्या पुढे तो मेकअप आहे ना." मग इंजिनाची शिटी झाली. "ठेव, सिग्नल मिळाला."